जमनासाठी काढलेली मिशी

हसा लेको! पण इंग्रजांच्या काळात, बाप जिवंत असताना मिशी उतरवणारा खांडबाऱ्यातला मी एकटाच मास्तर.

माझ्या वर्गातली जमना ठार बहिरी होती, पण ओठ बघून शब्द ओळखायची. मी धडा वाचला की शेजारची सखू तोच तिला हळू बोलून दाखवायची. सखूचं कळायचं, माझं नाही. मी सखूलाच कारण विचारलं.

"गुरुजी, तिले तुमना ओठच दिसत नहीत. मिशी आडी येस."

दुसऱ्या दिवशी मिशी काढली. जमनाला धडा कळला, पण गावाला भलतंच कळलं. मिशी गेली म्हणजे बाप गेला! लोक घरी येऊन गप्प बसू लागले.

सोमवारी बाबा आमच्या मूळ गावाहून मला भेटायला आले. गाडीतून उतरले, तर स्टेशनात माणसं त्यांनाच बघून दचकली. तिथून ते तडक वर्गात आले.

"मी जित्ता शे, आनि तू मिशी काढी टाकी?"

मी जमनाकडे बोट दाखवलं. बाबा मिशीतल्या मिशीत पुटपुटू लागले. जमनाने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, सखूला कोपराने ढोसलं आणि दोन बोटांची कात्री करून चालवून दाखवली.

बाबांनी मिशीवर हात ठेवला, तो परतीच्या गाडीत बसेपर्यंत काढला नाही.