मधल्या म्हशीचा चारा

अर्ज मंजूर झाला तर रायबाला तीन वर्षं वेधशाळेतली दुर्बीण मिळणार होती. त्याला निरोप द्यायला डोंगरावरून उतरलेल्या, गुडघे चोळत बसलेल्या बायजाआतेला मिळणार होतं फार तर एखादं पोस्टकार्ड, तेही दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. पोलादपूरच्या स्टँडवर दोघं माझ्या शेजारीच होती. गाडी आंबेनळी घाटाच्या धुक्यात अडकली होती.

“काय शोधनार रे तिथं?”

“आभाळात चांदण्यांचे कळप हायत, आते, दीर्घिका म्हणतात त्यांना. अशा शेकडो कळपांचा एकेक मोठा जमाव. त्यात नवी चांदणी जन्मते का, ते बघायचंय.”

“जन्मल की.”

“दाटीत जन्मत नाय, असं दिसतंय. का, ते कळत नाय. आज अर्ज टाकायचाय, नि हे पान अजून कोरं.”

“चांदणी खाते काय?”

“खाते? वायू म्हण. त्याच्यातूनच घडते ती.”

“मग म्हशींच्या वाड्यावानीच झालं. म्हशी दाटल्या, की मधलीच्या तोंडी चारा पोचत नाय. ती गाभण कशी ऱ्हाईल? कडेची चरते, कडेचीच विते.”

“म्हणजे मधे वायू उरलाय का, ते आधी मोजायचं. मग कडेला जायचं…”

“माझ्याकडं काय बघतोस? लिव.”

“…आते, पान भरलं गो!”

“पुढं काय इचारलंय?”

“मदत कोणाची, खर्च कोणाचा.”

“तुझ्या म्हशी तीन वरसं कोन राखील, ते?”

“तसा रकाना नाय.”

“मग कडेला लिव. बायजा राखील.”