आनसूयेने न केलेली सही

मंडळी, एक सांगा — सगळा गाव एका बाजूला आणि एकटी बाई दुसऱ्या बाजूला, तर चुकलं कोण? ... बाई! बघा, माना डोलल्यासुद्धा!

तर ऐका. तळकोकणात, घाटाच्या पायथ्याशी एक गाव. वर डोंगरभर बारमाही हिरवं रान — भर दुपारी आत शिरा, अंगावर काटा येईल असा गारवा! जमीन गवस घराण्याची, सामायिक — व्यवहार करायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. रबर लावणारा एक व्यापारी आला. रान तोडायचं, जाळायचं, रबर लावायचं. साऱ्या भाऊबंदांनी सह्या केल्या. राहिली एक — आनसूया. विधवा, साठीची. तिचंही छप्पर गळत होतं हो! पैसा कुणाला नको?

दीर भिवा कागद घेऊन आला. "वयनी, तुझीच सही ऱ्हवली."

तिने कागद परत त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, "भावजी, या सहीन झाडां पडतली. ती परत उभी करणारी सही खयच्या कागदार असता?"

झालं! 'म्हातारी खुळावली!' लग्नाचं बोलावणं बंद, हळदीकुंकू बंद. चुलीपुढे बसून रडायची बिचारी. पण सही? नाही!

व्यापारी गेला शेजारच्या गावात. तिथला डोंगर बोडका झाला. दुसऱ्याच पावसाळ्यात तो डोंगरच खाली आला! भिवाची लेक सुलोचना तिथेच दिलेली. माणसं वाचली, घर आणि पोफळीची बाग चिखलाखाली. इकडेही तोच पाऊस, तसाच कडा — पण माती मुळांनी घट्ट धरलेली!

भिवा लेकीला घेऊन आनसूयेच्या दारात उभा. मान खाली. "वयनी, तू सही केली असतंस तर..."

काय म्हणाली असेल? टोमणा? छे!

"आज ता नको. पोर उपाशी आसा. आत या, पेज गरम आसा."

मंडळी, ते रान आजही उभं आहे. आपल्या गाड्यांचा धूर — हो, तुमचे हे कीर्तनकार बुवाही मोटारीनेच आलेत! — त्यातला कर्बवायू ते पानांनी ओढून घेतं, खोडात साठवतं. जाळलं असतं तर सगळं पुन्हा आभाळात, आणि उन्हाळे आणखी भाजणारे! आनसूयेला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला तर पोरांच्या पुस्तकातही सापडतं!

उद्या असा माणूस तुमच्या दारी आला, भाऊबंद रुसले, तर 'नाही' कोण म्हणेल? थांबा, इथे हात वर करू नका. घरी जा, पोराबाळांच्या तोंडाकडे बघा — आणि मग ठरवा!