दोन थापा

गोरेगावच्या बसस्टँडवर भूमेश्वरी गोंदियाच्या बसची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर, नोकरी सोडून त्याच बसनं चाललेला चुन्नीलाल ड्रायव्हर त्याच्या जागी लागलेल्या पुतण्याला, तिलकला, मालकाची गाडी समजावून देत होता. भूमेश्वरीनं पदर सारखा केला आणि कान मागं ठेवले.

“काका, मालकाची ते जुनी लाल स्पोर्टकार बरी होती, का हे नवी सेडान बरी?”

“लाल गाडी म्हणजे वाघीण. दोनच सीटा, पण आवाज अर्ध्या गावाले जाये. मागचं मात्र काई दिसे नाई. रिवर्स घेताना मालकाचा गडी शालिकराम मागं उभा राहे. त्यानं डिक्कीवर दोन थापा मारल्या का मी थांबो.”

“नवीले त कॅमेरा आहे.”

“आहे ना. स्क्रीनवर कोणी दिसत नाई. तरी थाप आली का थांबजो.”

“थापा नका मारू, काका.”

“मी कायले मारू? तोच मारते.”

“शालिकराम? तो त लाल गाडी होती तवाच मेला.”

“हो. गाडी बदलली, हे त्याले कोणी सांगतलंच नाई.”

गोंदियाची बस रिवर्समध्ये फलाटाकडं येऊ लागली. कंडक्टर भूमेश्वरीच्या समोरच चहा पीत उभा होता. बसच्या पाठीवर दोन थापा पडल्या. बस थांबली. भूमेश्वरीनं वाकून पाहिलं. बसमागं कोणीच नव्हतं.

“काका, आता?”

“आता कॅमेऱ्यातच पाहत जाजो, बाबू. तो माह्या मागं आला.”