सत्तेचाळीस नंबरचा साचा

(धुळे, १९९४. दातांच्या दवाखान्याची मागची खोली. डॉक्टर लालचंद आणि त्याचे शाळेतले गणित-विज्ञानाचे शिक्षक तोताराम सर. बाहेरच्या बाकावर कापडण्याचा अभिमन वाट पाहत बसला आहे.)

सर : ते राहू दे, बाकीचे कुठे आहेत ते सांग. निबंधात तू लिहिलंस, एकशे वीस माणसांच्या दातांचे साचे घेतले. कपाटात ब्याऐंशी निघाले. दोनदा मोजले मी.

लालचंद : सर, आधी चहा घ्या ना. जळगावहून एसटीने उभे आलात.

सर : चहासाठी मी धुळ्यापर्यंत येत नसतो. परवा पुण्याला हा निबंध वाचायचाय आणि त्यावर तुझ्या आधी माझं नाव आहे.

लालचंद : तुमचंच पहिलं पाहिजे. सूत्र तुमचं.

सर : सूत्र पॅराबोलाचं. केबलवाल्याला गच्चीवरची डिशची छत्री बसवून देताना मला वाटलं, जबड्याची कमानही हीच असेल. नुसतं वाटलं. खरं-खोटं दातांवर तपासून बघ, असं तुला सांगितलं. आणि तू आणलेले आकडे इतके गुणी, की एकही रेषेबाहेर पाऊल टाकत नाही. तीस वर्षं पेपर तपासलेत रे मी. शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर मला लांबून कळतं.

लालचंद : सर...

सर : अडतीस साचे. कुठे गेले?

लालचंद : फोडले.

सर : म्हणजे, पडून फुटले?

लालचंद : नाही. मीच फोडले. ज्यांचे दात तुमच्या कमानीवर बसत नव्हते, ते.

सर : आणि निबंधात त्यांचे आकडे कुठून आले?

लालचंद : सूत्रातूनच काढले. थोडे इकडे, थोडे तिकडे.

सर : कशासाठी रे?

लालचंद : तुम्हीच शिकवलं होतं. बिनतारीचा धडा घेताना. खरखर बाजूला काढली की बोलणं ऐकू येतं.

सर : ते रेडिओचं होतं, लालचंद. ही माणसं होती.

लालचंद : खरं सांगू? ते अडतीस ठेवले असते तर तुमचं सूत्र चुकलं असतं. अकरावीचं वर्ष तुमच्या घरी जेवून काढलं मी. काकूंनी कधी पोळ्या मोजल्या नाहीत. त्या घरात येऊन, 'सर, तुमचं चुकलं' म्हणू? आमच्याकडे बापालाही कोणी असं म्हणत नाही.

सर : चुकलेला मास्तर मी आनंदाने झालो असतो. तू मला लबाड केलंस.

लालचंद : माफ करा, सर.

सर : माफी कसली मागतोस माझ्याकडे. मला दिवाळीतच शंका आली होती. तेव्हा या निबंधासाठी पुण्याहून सत्काराचं पत्र येऊन पडलं होतं घरात. हिने ते कपाटाच्या काचेला लावून ठेवलं. मी आकडे तपासायची वही मिटली आणि फराळाला बसलो. लाज तुला एकट्याला वाटायची नाहीये.

अभिमन : येऊ का साहेब? मनी बस सुटी जाई.

लालचंद : ये, अभिमन. हे माझे सर. काय काम होतं?

अभिमन : मनी माय वारनी. झुंबरबाई. सोमवारले दहावा शे. दोन सालपहिले तुम्ही गावमा कॅम्पले उनथात, तवय तिना दातस्ना साचा लिधा व्हता. तुम्हीच बोलनथात, काम व्हयनं का परत देसू.

लालचंद : हो. म्हटलं होतं.

अभिमन : तिना फोटो एकबी नही. फोटोवाला दिसना का पदर तोंडवर. आते तिनं तोंड म्हनीसन तोच साचा शे. घरमा ठेवसूत.

लालचंद : नंबर... नंबर काय होता?

अभिमन : सत्तेचाळीस. तुमनी चिठ्ठी मायनी जपी ठेयेल व्हती.

सर : लालचंद, त्या कपाटात काय शोधतोयस?

लालचंद : हा घे, अभिमन. कागदात नीट गुंडाळून देतो.

अभिमन : थांबा, दखू द्या... हाऊ मायना नही.

लालचंद : अरे, साच्यात सगळ्यांचे दात सारखेच दिसतात.

अभिमन : नही साहेब. माय गोधड्या शिवे. चाळीस साल दोरा डावा दातखाले धरीसन तोडा तिनी. तठे खाच पडेल व्हती, नख बसे इतली. ती बाजू बठ्ठी घसायेल व्हती. हाऊ एकसारखा शे. दुसरा कोना तरी शे.

सर : सांग त्याला.

लालचंद : सर, आत्ता...

सर : आत्ताच. एकदा तो एसटीत बसला की तू पुन्हा मोठा डॉक्टर होशील.

लालचंद : अभिमन, तुझ्या आईचा साचा नाही. मी फोडला. ती खाच, ती झिजलेली बाजू... आमच्या गणितात बसत नव्हती. आणि आत्ता दुसऱ्याचा तुझ्या हातात देत होतो. मला लाज वाटते तुझ्याकडे बघायची.

अभिमन : काहीच नही राहेल?

सर : फोडण्याआधी मापं तरी घेतलीस का? वही काढ.

लालचंद : आहेत. हे पान. सत्तेचाळीस. झुंबरबाई, राहणार कापडणे, वय अंदाजे साठ. समोरच्या डाव्या दाताला खाच, खोली दीड मिलिमीटर. डावी बाजू उजवीपेक्षा बरीच झिजलेली.

सर : पुढे?

लालचंद : पुढे माझा शेरा आहे.

सर : तोही वाच.

लालचंद : 'निकामी'.

सर : अशी अडतीसही पानं आहेत ना? मला उतरवून दे. पुण्याला मी जाईन. सूत्र चुकलं, हे मीच उभा राहून वाचीन.

लालचंद : एवढ्या लोकांत तुमची शोभा होईल, सर.

सर : होऊ दे. चांगली व्हायला हवी.

अभिमन : हाऊ कागद माले देशात का? मायनं नाव शे तठे. दातबी शेतस.

लालचंद : घेऊन जा. मापं आधी उतरवून घेतो. थांब, तेवढा शेरा खोडून देतो.

अभिमन : राहू द्या साहेब. डोयास्ले दिसेना, सुईमा दोरा जायेना, तवयपासून माय सोताले 'निकामी'च म्हने. आम्ही घरना बठ्ठा ऐकूत. 'नही माय, असं नको बोलू,' इतलं बी कोनी बोलनं नही.