कुठले ली?

आमच्या काकूचं एक सांगतो. औंधच्या घरी कुणीही पाहुणा आला की पाण्याचा तांब्या हातात देताना तिचा पहिला प्रश्न, "कुठले तुमी?"

परवा आमच्या कंपनीतले कोरियन साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. साहेबांचं आडनाव ली. बायको इंग्लंडची. काकूनं तिला विचारलं, "बाई, माहेरचं आडनाव काय म्हनायचं?" मी ते इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "ली."

काकूनं भाकरीची दुरडी खाली ठेवली. "आरं, म्हंजे भावकीतच दिली व्हय हिला?"

मी ते हसण्यावारी न्यायला बघितलं. साहेब म्हणाले, "काय म्हणतायत त्या? खरं सांग." सांगावंच लागलं.

साहेब म्हणाले, "आमच्याकडंही एका घराण्यात लग्न करत नाहीत. पण हिचे ली इंग्लंडचे, आमचे कोरियाचे. चीनचे आणखी निराळे. नाव तेवढं एक."

"म्हंजे आपल्या जाधवांसारखं," काकू म्हणाली. "आडनाव एक, देवक येगळं. मग चालतंय की." आणि दुरडी उचलली.

मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आजवर सगळे म्हणाले, बरं झालं, हिला आडनाव बदलावं लागलं नाही. कुठले ली, हे फक्त माझ्या आईनं विचारलं होतं. आणि आज यांनी."

मी ते काकूला सांगितलं. तिनं साहेबांना आणखी एक भाकरी वाढली.

"त्येंच्या आईला माजा नमस्कार सांगा म्हनावं. लय हुशार बाई हाय."