न भरणारी टाकी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. खारकोंड गावात, येसूभाऊ शिवलकरांच्या विहिरीतून देवीच्या स्नानाची पहिली कळशी वर आली — आणि पाणी गुलाबी!

थांबा मंडळी. कळशी तशीच धरून ठेवा. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस जे डोळ्यांआड करतो, ते जातं कुठं? मागचे आजोबा म्हणतात, पोटात जातं. आजोबा, मी पोटाच्या पुढचं विचारतोय!

हसा, हसा. कीर्तनात संडासाचं नाव निघालं म्हणून नाक मुरडू नका. घरी गेल्यावर जाणार तिथंच आहात.

तर हे येसूभाऊ. समुद्राकाठची वाडी, तेवीस घरं, खाली जांभा दगड — सगळी भोकंच भोकं. येसूभाऊंच्या विहिरीचं पाणी इतकं गोड, की वर्षातून एकदा, जत्रेच्या सकाळी, देवीला स्नान त्याच पाण्याचं. आजोबांपासूनचा मान. त्या दिवशी भाऊ धोतर नेसून असे उभे राहायचे, की नवख्याला वाटावं, नमस्कार यांनाच करायचाय!

आणि दुसरा अभिमान कशाचा? संडासाच्या टाकीचा! परसात पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या, जांभ्याच्या चिऱ्यांची टाकी बांधली. बावीस वर्षं झाली — टाकी भरली नाही. उपसायला टँकर बोलवावा लागला नाही. पाहुण्याला चहाआधी टाकीचं झाकण दाखवायचे. अख्ख्या वाडीनं बघून बघून तशीच बांधली. तळाला नुसती वाळू.

रांजण भरतो, घागर भरते, बारशाला गेलेल्या बाईची पिशवीसुद्धा भरते. ही एक भरत नाही — आणि कुणाला वाटलं नाही, की विचारावं, बये, जातंय कुठं?

विचारलं एकीनं. नेत्रा, आरोग्यसेविका. वाडीतली मुलं महिन्याआड जुलाबानं आडवी होत होती. ग्रामसभेत तिनं सांगितलं, तळ नसलेली टाकी म्हणजे चाळण. सगळ्यांनी सिमेंटचा तळ घाला. येसूभाऊ उठले. बावीस वर्षांची गोष्ट त्यांनी बावीस मिनिटं सांगितली. ठराव पडला. बाहेर आल्यावर नेत्रानं त्यांच्या हातावर एक पुडी ठेवली.

"काका, एवढी खात्री आहे ना? मग ही तुमच्या संडासात ओता. तपासणीचा रंग आहे, विषारी नाही. विहिरीत दिसला नाही, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

भाऊंनी हसत हसत ओतली. बायकोशिवाय कुणाला बोलले नाहीत. आठ दिवस विहिरीत डोकावले. पाणी नितळ. नवव्या दिवशी विसरले.

अठरावा दिवस जत्रेचा! आता कळशी खाली ठेवा.

धाकू गुरवानं पाणी पाहिलं आणि हात जोडले. आईनं कौल दिला, म्हणाला. झालं! ढोल घुमला. कुणी ते पाणी डोळ्यांना लावलं, कुणी टाळूवर. एक म्हातारी ओंजळ पुढं करून उभी. लोक येसूभाऊंच्या पाया पडू लागले.

भाऊंनी काय करायचं होतं? काही नाही. गप्प बसायचं. मान दुप्पट! पुडी तिघांना ठाऊक, त्यात नेत्रा त्या दिवशी तालुक्याला. राहिली बायको. द्वारकाकाकूंनी नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. ज्यांनी संसार केलाय, त्यांना हे पाहणं वेगळं सांगायला नको.

गुरवानं कलश भरला. देवीच्या मस्तकावर नेला. आता कलणार —

"धाकू, थांब," येसूभाऊ म्हणाले. "हा रंग देवीचा नाही. माझ्या संडासाचा आहे."

ढोल थांबला. ज्यांनी डोळ्यांना लावलं होतं, त्यांनी डोळे मिटले ते उघडेनात! म्हातारीनं ओंजळ झटकली. म्हणाली, "मेल्या, आणि मी घोट घेतला असता तर?"

"आजी," भाऊ म्हणाले, "बावीस वर्षं घेतेस."

देवी तशीच तिष्ठत. गुरव म्हणाला, दुसऱ्या विहिरीचं आणा. बोला, कुणाच्या? दारोदारी विहिरी, आणि या मानासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडलेली माणसं. सगळी जमिनीकडं बघतायत! कारण एकेकाला आठवलं — आपलीही टाकी भरत नाही.

शेवटी शहाळी फोडली. देवीनं त्या वर्षी नारळपाण्यानं स्नान केलं. इतकी गार आणि गोड आंघोळ तिला कधी मिळाली नसेल!

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः नेत्राच्या दारात. पाहुण्यांच्या खोल्यांना कुलूप घातलं, टाकीला तळ घालायला घेतला, आणि तिच्याकडच्या वेगवेगळ्या रंगांच्या पुड्या घेऊन घरोघर फिरले. ज्या तोंडानं ठराव पाडला, त्याच तोंडानं.

पुढं? कालपर्यंतची खबर सांगतो. एकोणीस घरांनी पुडी ओतली. चार घरं म्हणतात, जत्रा उरकू दे. जत्रा होऊन महिना झाला. आणि काल सकाळी शाळेची विहीर निळी निघाली. निळी पुडी तीन घरांत गेली होती. तिघांची बोटं एकमेकांकडं.

काय निर्लज्ज लोक, नाही? तुम्ही तसे नाही. मग सांगा — तुमच्या घरची टाकी शेवटची कधी भरली? हात वर करा. एकही नाही?

मंडपाच्या दारात माठ ठेवलाय. येताना सगळे प्यालात. मीही दोन भांडी प्यालो. पाणी कुठल्या विहिरीचं, हे मी यजमानांना कीर्तनाआधीच विचारलंय.

ते अजून बघून सांगतो म्हणतायत.