कोल्ह्याच्या खडकाला हळदकुंकू

नाही, पण मला एक सांगा, कुंभकोणमात दगड शोधायचा म्हणजे माणसानं शोधायचा तरी कुठे? देवळांत आहेत, हो, तिथे दगडच दगड, पण ते सगळे कामाला लागलेले! कुणी खांब झालाय, कुणी नंदी झालाय, कुणी पायरी. मोकळा, रिकामटेकडा, रानात नुसता उभा असलेला दगड म्हणाल, तर तो कावेरीनं आमच्यासाठी ठेवलेलाच नाही. खणा, गाळ. आणखी खणा, आणखी गाळ! आणि अशा गावात मी जन्मभर शिकवलं काय? भूगर्भशास्त्र! मुलांना दगड दाखवायचा तर कपाटाचं कुलूप काढून दाखवायचा. डॉक्टरेट ग्रॅनाइटवर आणि मुक्काम चिखलात... माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही.

तर तुम्हाला सांगतो, माझी नात कीर्ति, मुलाची मुलगी, ती बेंगळुरूला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की खडक चढते. चढते म्हणजे पायऱ्यांनी नव्हे हो! उभ्या भिंतीवर, पालीसारखी, कमरेला दोर बांधून, बोटं फटींत खुपसून... मी एकदा विचारलं, "एवढं चढून वर असतं काय गं?" म्हणाली, "काही नसतं आजोबा, मग उतरायचं." घ्या! आता माझी बायको वसंता गेल्यापासून मेलकावेरीच्या घरात मी एकटा. घरात बोलायची ती आमची, पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेल्यांची, जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि बोलायला माणूसच नाही म्हटल्यावर मराठी भिंतीशी बोलायची. कीर्ति पोंगलला येते, दिवाळीला येते. तर मागच्या पोंगलला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता बोलून गेली, "इथे जवळपास चढायला खडक असता ना आजोबा, तर मी दर महिन्याला आले असते."

बोलून गेली हो! बसमध्ये चढेपर्यंत विसरलीही असेल. पण मी ते धरून बसलो. दर महिन्याला! म्हणजे दर महिन्याला घरात दोन ताटं, दर महिन्याला कुणीतरी "आजोबा, पंखा का नाही लावला" म्हणणार...

मग मला आठवला नरिपारै, म्हणजे कोल्ह्याचा खडक. तरुणपणी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, तंजावर ओलांडून पुदुक्कोट्टैच्या बाजूला. तिकडे खडक पुष्कळ, पण बऱ्याच खडकांवर जुनी लेणी, देवळं, आणि पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. हात लावायची सोय नाही. नरिपारैवर मात्र काही नव्हतं. ना लेणं, ना देऊळ, ना फलक. कोल्हेसुद्धा नव्हते! फक्त तो कुठे होता, हे मी विसरलो होतो. भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक, आणि अख्खा डोंगर हरवला! माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही.

शेजारच्या चंद्रमौळीला म्हटलं, गाडी काढ. त्याची गाडी आणि त्याचं तोंड एकाच किल्लीनं सुरू होतं. "राव सार, गुडघे तुमचे असे, आणि तुम्ही डोंगर शोधताय?" तरी आला बिचारा. आणि रस्ता विचारायचा म्हणजे काय ताप, तुम्हाला सांगतो! माझ्या कपाळी गोपीचंदन, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर. चहाच्या टपरीवर विचारलं, "नरिपारै कुठे?" टपरीवाला मला स्वामी समजून म्हणतो, "तिथे कुठला देव, सामी?" म्हटलं, देव नाही, नुसता खडक. "नुसता खडक?" "नुसता." "आणि तो बघायला कुंभकोणमाहून आलात?" त्यानं आम्हाला मुरुगनाच्या देवळाकडे पाठवून दिलं. पुढच्यानं अय्यनारकडे. तिसऱ्यानं तर, मी तोंड उघडायच्या आत, पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळाची दिशा दाखवली! संध्याकाळपर्यंत पुण्य इतकं गोळा झालं की डिकीत प्रसाद मावेना, पण खडक नाही. चंद्रमौळी म्हणाला, "सार, एखाद्या देवळाची मागची भिंत चढायला चालणार नाही का हो पोरीला?"

तिसऱ्या फेरीत सापडला. भुईमुगाच्या शेतापलीकडे, माळावर, एकटा. अहो, काय खडक! उभा, करडा, मधोमध सरळ गेलेली एक भेग, दुपारनंतर पूर्ण सावलीत... मी हात लावला आणि मला, खोटं कशाला सांगू, रडू आलं. शेताची मालकीण वळ्ळियम्मा बांधावर शेळ्या राखत होती. तिला विचारलं, माझी नात इथे चढली तर चालेल का? ती म्हणाली, "माझ्या शेळ्या चढतात, त्यांनी कुणाला विचारलंय?" माळ सरकारी, वाट तिची, तिची हरकत नाही. झालं! इथे थांबायचं की नाही मी? शहाणा माणूस इथे थांबला असता!

कीर्ति आली. पोंगल नाही, दिवाळी नाही, मधल्याच महिन्यात! खडक बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "आजोबा, हा कुणालाच माहीत नाही?" म्हटलं, कोल्ह्यांना. ती दोर सोडायला लागली आणि माझ्या मनात आलं, ही पडली तर? आणि पाय लावणार ती, न विचारता? आमच्याकडे नवी लॉरी आली तरी चाकाखाली लिंबू ठेवतात, नाचणारी मुलगी नाचण्याआधी जमिनीची क्षमा मागते, आणि माझी नात एवढ्या मोठ्या खडकाला बूट घालून तुडवणार? मी पिशवीतून हळद काढली. खडकाला लावली. वर कुंकू. कापूर लावला, नारळ फोडला.

"आजोबा, हे काय?"

"परवानगी."

"कुणाची?"

"ते माहीत नाही गं, म्हणून सगळ्यांचीच."

हसली ती. मग हातांना ती पांढरी पूड लावली, घाम येऊन बोटं निसटू नयेत म्हणून लावतात, आणि निघाली. मी डोळे मिटले. उघडले. परत मिटले. ती गेली, अगदी माथ्यावर गेली, आणि वरून ओरडली, "आजोबाऽऽऽ!" इतक्या मोठ्यानं मला उभ्या आयुष्यात कुणी हाक मारलेली नाही. खाली आली ती सोललेल्या बोटांनी, त्याच बोटांनी दहीभात खाल्ला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात मित्रांना घेऊन येते." ऐकलंत ना? पुढच्या महिन्यात!

आणि आली हो, शब्दाला जागली! श्रीवत्स म्हणून एक मुलगा, दिव्यश्री म्हणून मुलगी, दोराची भेंडोळी घेऊन. भुईमुगाच्या बांधाला वळलो, तर समोर... पिवळं. खडक खालून पुरुषभर उंचीपर्यंत हळदीनं माखलेला! लाल कापड गुंडाळलेलं. त्रिशूळ रोवलेला. घंटा. आणि वळ्ळियम्मा धावत आली, "सामी! सामी आले!" आणि मी मागे सरकेपर्यंत माझ्या पायांवर!

तुम्हीच सांगा, त्या माउलीचं काय चुकलं? तिनं पाहिलं ते असं: गोपीचंदन लावलेला एक म्हातारा कुंभकोणमाहून येतो, खडकाला हात लावून रडतो, मग पूजा करतो. त्याच्याबरोबरची पोर सरळ भिंतीवरून वर जाते. शेळीसुद्धा जात नाही तिथून! वर जाऊन आरोळी ठोकते. आणि ते निघून गेल्यावर खडकावर, जिथे माणसाचा हात पोचूच शकत नाही तिथे, पांढऱ्या पंजांचे ठसे. त्याच आठवड्यात पाऊस पडला, आणि वांझ ठरलेल्या शेळीला जुळं झालं. आता तुम्ही काय म्हणाल? मी पाहिलं असतं तर डॉक्टरेट बाजूला ठेवून मीही नमस्कारच केला असता!

मी म्हटलं, "अम्मा, ती पांढरी पूड दुकानात मिळते. हा नुसता ग्रॅनाइट आहे." ती म्हणाली, "सामी, तुमची परीक्षा घ्यायची पद्धत मला कळते." म्हटलं, "मी सामी नाही, मास्तर आहे." तर तिच्या मागे जमलेली गावातली माणसं एकमेकांना म्हणाली, "बघा, किती साधे!" श्रीवत्सनं हळूच विचारलं, एका बाजूनं चढलं तर? वळ्ळियम्मा दचकली. "अम्मनच्या, देवीच्या अंगावर बूट?" मी आणखी बोलणार होतो, मोठ्यानं बोलणार होतो, पण तिच्या हातात त्या जुळ्यांतलं एक करडू होतं, कपाळाला कुंकू लावलेलं... आणि कीर्ति म्हणाली, "आजोबा, राहू द्या." तिनं बूट काढून पिशवीत ठेवले. हात जोडले. बायकांनी तिच्या हातांचे पंजे डोळ्यांना लावून घेतले.

बस स्टँडवर कीर्ति म्हणाली, "काही हरकत नाही आजोबा." मला ते "काही हरकत नाही" कळतं हो, वसंताही तसंच म्हणायची. आता ती पोरं कर्नाटकातल्याच कुठल्याशा डोंगरावर जातात, त्यांना ते सोयीचं. मी फोन करतो, ती म्हणते, "बघते आजोबा." खडक शोधला मी, आणि त्याला देव करून हातचा घालवलाही मीच. विचारायचंच नव्हतं. कधी नव्हे ते न विचारता काही करायचं होतं! माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही.

आता अमावास्येला वळ्ळियम्मा फोन करते, मग चंद्रमौळी गाडी काढतो. मला पुढे बसवतात, हार घालतात, मी नको नको म्हणतो. आणि आरती झाली की सगळे, म्हातारे, बायका, पोरं, माझ्याभोवती बसून एकच विचारतात, "सामी, अम्मा कधी येणार?" अम्मा म्हणजे कीर्ति! मी काय सांगणार? सांगतो, पुढच्या महिन्यात. मग ते मान डोलावून रस्त्याकडे बघतात, आणि मीही बघतो...

पूर्वी तिची वाट मी एकटाच बघायचो हो. आता अख्खं गाव बघतं.